दोराला धरून

गेल्या वर्षी, 2025 च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री, पुणेरी पलटणने प्रो कबड्डीचा अंतिम सामना दबंग दिल्लीकडून 28-31 असा गमावला. इकडे सिडनीत तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. सकाळी फोन हातात घेतला तर घरच्या ग्रुपवर पोस्टमॉर्टेम संपतही आलं होतं. निदान एकच: शेवटी एक तगडा चढाईपटू कमी पडला. मामेभावाने तर पुढच्या लिलावात कोणावर किती कोटी लावायचे हेही सांगून टाकलं होतं. दिल्लीच्या बचावात इराणचा नावाजलेला पकडीवाला फझल अत्राचली होता, हे फक्त माझ्या भाच्याने लिहिलं होतं, आणि त्याला कोणी उत्तर दिलं नव्हतं.

भाचा एकोणीस वर्षांचा आहे. तालुक्याच्या मंडळाकडून खेळतो, डावा कोपरारक्षक. घोट्याची पकड चांगली आहे. सध्या घरात वाद चालू आहे तो त्याच्यावरून. ताईचं आणि भावजींचं म्हणणं, आता चढाई शिक, पकडीत नाव नाही आणि पैसाही नाही. त्याचे प्रशिक्षकही तेच म्हणतात म्हणे. 'मामा, तुम्ही तिकडे खेळबिळ बघता, तुम्हीच सांगा यांना,' असं त्याने मला दोनदा म्हटलं. म्हणून हा लेख.

मी पेनरिथजवळ राहतो. सिडनी शहर संपत येतं आणि ब्लू माउंटन्सची निळी कड दिसायला लागते तिथलं हे गाव, आणि इथला धर्म म्हणजे रग्बी लीग. आपल्याकडे रग्बी म्हटलं की सगळं एकच वाटतं, पण ही दोन सख्ख्या भावांची वाटणी आहे. 1895 साली उत्तर इंग्लंडमधले क्लब हडर्सफील्डच्या एका हॉटेलात जमून वेगळे झाले. भांडण होतं खेळायला गेल्यामुळे खाणीतला किंवा गिरणीतला रोज बुडाला तर तो खेळाडूला भरून द्यायचा की नाही, यावर. द्यायचा म्हणणाऱ्यांचा खेळ तो लीग.

खेळ ऐकायला सोपा आहे. तेरा विरुद्ध तेरा, ऐंशी मिनिटं. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकलची मुभा. सहाव्यांदा पाडले गेलात की चेंडू समोरच्याला, म्हणून बहुतेक जण त्याआधी तो लाथेने लांब धाडतात. प्रत्येक टॅकलनंतर पडलेला उठतो, पायाने चेंडू मागे ढकलतो आणि पुन्हा खेळ सुरू होतो. तेवढ्यात बचाव करणाऱ्यांनी काय करायचं? दोघे समोर उभे राहतात, बाकी सगळ्यांनी दहा मीटर मागे पळायचं, वळायचं, एका रेषेत यायचं आणि पुन्हा पुढे धावून जायचं. एका सामन्यात एक संघ असे तीनशेच्या वर टॅकल करतो. टॅकल दिसतो, मागे पळणं टीव्हीवर दिसतच नाही. मला ते कळलं ते गोलपोस्टच्या मागे बसून सामना पाहायला लागल्यावर. बाजूने चेंडू दिसतो, मागून रेषा दिसते. आणि एखादा पाऊल-दीड पाऊल मागे राहिला की त्या रेषेला पडलेली खाच आपल्यालाही दिसते, समोरच्या हाफबॅकला, म्हणजे चाली रचणाऱ्याला, तर दिसतेच.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, इथल्या ज्युनियर संघात खेळतो. मंगळवारी संध्याकाळी सराव असतो. त्यांचा कोच गाडीच्या डिकीतून एक जाडसर दोर काढतो आणि सहा पोरांच्या हातात देतो. प्रत्येकाने डाव्या हाताने धरायचा. कोच चेंडू घेऊन समोर उभा. तो हलला की सहाही जणांनी दोर ताणलेला ठेवून पुढे यायचं. कोणी एकटा पुढे धावला की दोर वाकतो, कोणी मागे राहिला की शेजाऱ्याचा हात ओढला जातो. पहिल्या दिवशी दोन पोरं तोंडावर आपटली. कोच पडलेल्यांना काहीच बोलला नाही. त्यांच्या आतल्या बाजूच्या पोराकडे गेला आणि विचारलं, तू कुठे होतास? मी कुंपणाला टेकून उभा होतो आणि एकदम कबड्डीतली साखळी डोळ्यासमोर आली. मनगटाला मनगट, कोपरा आणि मधला. हे आपल्याला कोणी शिकवायला नको होतं.

आता पेनरिथ पँथर्स या इथल्या क्लबबद्दल, कारण त्यांच्याशिवाय बचावही चषक जिंकून देतो हा मुद्दा पटवता येणार नाही. 2020 च्या मे महिन्यात इथल्या लीगने नियम बदलला. त्याआधी पाडलेल्याला बचाववाले जरा जास्त वेळ दाबून धरत. तो उशिरा उठला तर आपली रेषा जागेवर यायला एक-दोन सेकंद मिळतात, सगळी मख्खी तिथे आहे. मेलबर्न स्टॉर्म या संघाने त्यासाठी कुस्तीचे प्रशिक्षक आणून हे शास्त्र केलं होतं. लीगला ते बघवेना. खेळ रटाळ होतो म्हणे. तेव्हा ठरलं की अशा चुकीला पेनल्टी देऊन खेळ थांबवायचा नाही, थेट नव्याने सहा टॅकल द्यायचे. बचाववाल्यांना श्वास घ्यायला मिळू नये, हाच बेत. 2021 मध्ये दहा मीटर मागे न जाणाऱ्यांनाही तीच शिक्षा झाली. गुणफलक फुगले. मेलबर्नने साखळी सामन्यांत 815 गुण केले. पेनरिथने 676.

पण पेनरिथने 24 सामन्यांत दिले फक्त 286, म्हणजे सामन्याला बारासुद्धा नाहीत. साखळीनंतरच्या फेऱ्यांची सुरुवात त्यांनी हरून केली, पण संधी शिल्लक होती. मग पॅरामॅटाला 8-6. मग त्याच 815 वाल्या मेलबर्नला 10-6. आणि अंतिम सामन्यात साउथ सिडनीला 14-12. तीन सामने मिळून 32 गुण केले आणि 24 दिले. लोकांना गुणांचा पाऊस हवा म्हणून नियम बदलला, आणि त्या वर्षीचा चषक गुण अडवणाऱ्यांनी नेला.

त्या अंतिम सामन्यातला निर्णायक ट्रायही (ट्राय म्हणजे समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) बचावातूनच आला. साउथ सिडनीच्या कोडी वॉकरने रुंद पास फेकला. पेनरिथचा स्टीफन क्रायटन रेषेतून वर आला, पास हवेतच पकडला आणि पळत सुटला. असं एकट्याने वर येणं जुगार असतो, हुकलं तर मागे भगदाड. आपला कोपरारक्षक बोनस रेषेच्या पुढे येऊन झेप घेतो तेव्हा हाच हिशेब करत असतो. नशीबही लागतं, ते नाकारत नाही. शेवटी साउथ सिडनीच्या ॲडम रेनॉल्ड्सची कडेवरून मारलेली किक आत गेली असती तर 14-14 झाले असते आणि मी हे इतक्या ठामपणे लिहीत नसतो.

पँथर्सने पुढे 2022, 2023 आणि 2024 हेही जिंकले. सलग चार. त्यातला 2023 चा अंतिम सामना माझ्या मुद्द्याच्या आड येतो, तोही सांगतो. ब्रिस्बेनच्या एझ्रा मॅमने काही मिनिटांत तीन ट्राय केले, पेनरिथची नावाजलेली रेषा कापून. 8-24. तिथून सामना 26-24 ने ओढून आणला तो पेनरिथचा हाफबॅक नेथन क्लिअरीने, जवळजवळ एकट्याच्या जिवावर. माझ्या मामेभावाला हा सामना फार आवडेल. 2024 चा मात्र पुन्हा भाच्याच्या पदरात: मेलबर्नला पूर्ण ऐंशी मिनिटांत सहा गुण, आणि सामनावीर लियाम मार्टिन, दुसऱ्या फळीतला, अंगावर घेणारा गडी.

म्हणजे तिकडचं सगळं थोर आणि आपलं वाईट, असं काही नाही. परदेशात राहणाऱ्याला हा रोग लवकर जडतो, म्हणून स्वतःलाच बजावतो. पैसा इथेही हाफबॅक आणि फुलबॅक अशा चमकणाऱ्या जागांनाच जास्त मिळतो. लहान पोरांच्या जर्सीवर क्लिअरीचाच नंबर असतो. आणि टॅकलची किंमत मोजावी लागते ती डोक्याने. चुकीच्या बाजूला मान गेली की गुडघा लागतो, खेळाडू तपासणीसाठी बाहेर जातो, कधी त्या दिवशी परत येतच नाही. मुलाने खेळावं की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. बायको सरावाला येते ती आईसपॅक घेऊनच.

मला खटकतं ते दुसरंच. लीगमध्ये टॅकलला गुण नाही. शून्य. चाळीस टॅकल केलेस तरी फलक हलत नाही. कबड्डीत पकडीला गुण आहे. समोरचा गडी बाद, आपला बाहेर बसलेला आत. तिघेच किंवा त्याहून कमी मैदानात असताना पकड केली तर अव्वल पकडीचे दोन. बचावाला असा रोख मोबदला देणारे खेळ फार नाहीत. तरीही इथे शून्य गुणांच्या टॅकलला लोक उभे राहतात. स्वतःच्या ट्राय रेषेवर लागोपाठ तीन सेट, म्हणजे सहा-सहा टॅकलच्या तीन फेऱ्या, अडवून धरल्या की मैदानात जो आवाज होतो, तो कित्येकदा ट्रायलाही होत नाही. आणि आपण, आपल्या मातीतला खेळ, पकडीचा गुण झाला की चढाई फुकट गेली म्हणून हळहळतो.

पैशाचं म्हणाल तर ताईला मी आकडे पाठवले आहेत. 2018 च्या लिलावात प्रो कबड्डीत सर्वांत आधी एक कोटीला पोचला तो फझलच, डावा कोपरारक्षक. त्याच लिलावात चढाईपटू मोनू गोयत 1.51 कोटीला गेला, हे मामेभावाने लगेच लिहिलं. खरं आहे. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने आपल्याला उपान्त्य फेरीत 27-18 असं हरवलं. 1990 पासूनचं सोनं गेलं, आणि चढाईपटू आपल्याकडे कमी नव्हते. पुढे इराणच्याच मोहम्मदरझा शादलूला पुणेरीने 2.35 कोटी दिले आणि त्या हंगामात, 2024 च्या मार्चमध्ये, अजिंक्यपद मिळवलं. नंतर तो हरियाणाकडे गेला, तर चषकही हरियाणाकडे. चांगला पकडीवाला हवा असला की आपण इराणकडे बघतो आणि घरातल्या पकडीवाल्याला म्हणतो, चढाई शीक.

एवढं सगळं मी ग्रुपवर नाही, फोनवर भाच्याला सांगितलं. अर्धा तास. त्याने पँथर्सबद्दल काही विचारलं नाही, कोटींबद्दलही नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मामा, तो दोर किती लांब असतो?'

मी म्हटलं, मंगळवारी मोजून सांगतो.