भंगारवाल्याची पुण्याई

जुलै 2024 मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मुंबईतल्या काही लोकल स्थानकांची इंग्रजी नावं बदलायचा ठराव केला. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव. मुंबई सेंट्रलला नाना जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव द्यायचा प्रस्ताव त्याआधीचाच. असा ठराव आला की पुढचा वाद ठरलेला असतो. एकाला गुलामीच्या खुणा पुसल्याचा आनंद होतो, दुसरा विचारतो की पाट्या बदलून गर्दी कमी होणार आहे का. मग तिसरा कुणीतरी परदेशातून उठतो आणि लिहितो, ‘इथे येऊन बघा, वारसा कसा जपतात ते. आपल्या लोकांना कशाची किंमतच नाही.’

हा तिसरा माणूस मला चांगला ठाऊक आहे, कारण तो माझ्यासारखाच इथे इंग्लंडात राहतो, इथल्या शनिवारी-रविवारी संग्रहालयं पाहतो आणि सोमवारी भारताला उपदेश करतो.

नावांबद्दल माझं फारसं भांडण नाही. लालबागला लोक लालबागच म्हणतात. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे उभी राहिली त्यात नानांचा वाटा होता, त्यांचं नाव स्थानकाला दिलं तर कुणाचं काय बिघडतं? मला खटकतं ते वेगळंच. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडली होती, हे शाळेतलं पोरही सांगेल. ती इंजिनं लँकेशायरमधल्या न्यूटन-ली-विलोज गावच्या व्हल्कन फाउंड्रीने बनवली होती. आज तिन्हींपैकी एकही शिल्लक नाही, आणि ती कधी, कुठे मोडीत निघाली याबद्दल आपल्याकडे कुणी कधी आवाज चढवून भांडलेलं मी ऐकलं नाही. पाटीवर आपण जेवढं भांडतो त्याच्या दहावा हिस्सा तरी पाटीखालून धावणाऱ्या वस्तूवर भांडावं.

मी लीड्सला राहते. गावाकडून मामा आले तेव्हा त्यांना यॉर्कचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय दाखवायचं हे आधीच ठरलं होतं. लंडनचा राजवाडा त्यांनी पाच मिनिटांत उरकला होता, पण यॉर्कला जायचं म्हटल्यावर सकाळी सहालाच बूट घालून बसले. मामा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. बार्शी लाइटच्या छोट्या गाडीची वाफेची इंजिनं त्यांनी उघडली, धुतली, परत जोडली. वाफ गेल्यावर डिझेलवर काम केलं आणि निवृत्त झाले.

यॉर्कचं संग्रहालय 1975 मध्ये उघडलं, तेही एका जुन्या इंजिन शेडमध्येच. प्रवेश फुकट. मोठ्या दालनाच्या मधोमध टर्नटेबल, म्हणजे इंजिन वळवायची गोल फिरती चकती आहे आणि त्याच्याभोवती इंजिनं तोंड आत करून उभी असतात. गर्दी सगळी मॅलार्ड या निळ्या इंजिनापुढे. 3 जुलै 1938 ला तिने ताशी 126 मैल, म्हणजे 203 किलोमीटरचा वेग गाठला आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही तिच्या नावावर आहे. विक्रम उतारावर झाला, आणि तो करताना एक बेअरिंग इतकं तापलं की गाडी पुढे नेण्यापूर्वी तिला पीटरबरोला काढून ठेवावं लागलं, हेही इथे कुणी लपवत नाही. ड्रायव्हर जो डडिंग्टन, फायरमन टॉमी ब्रे, दोघांची नावं रेल्वेवेड्या पोरांना तोंडपाठ असतात. 1853 च्या आपल्या गाडीचे चारशे पाहुणे आणि चौदा डबे पाठ करणाऱ्यांपैकी कुणाला तिच्या ड्रायव्हरचं नाव विचारून बघा.

मामा मॅलार्डपाशी थांबले नाहीत. ते थेट एलरमन लाइन्सकडे गेले. हे इंजिन उभं चिरून ठेवलंय, पोट उघडं पडलेल्या फणसासारखं. आतल्या नळ्या, फायरबॉक्स, सिलिंडर, सगळं दिसतं. मामांनी वाकून फायरबॉक्सच्या वरच्या पत्र्याकडे पाहिलं आणि मला बोट दाखवलं. ‘इथं शिशाचे प्लग असत्यात. बॉयलरचं पाणी खाली गेलं की पत्रा तापतो, शिसं वितळतं, वाफ खाली आगीवर येती. म्हंजे ड्रायव्हरला इशारा. पण प्लग गेला की चौकशी लागलीच समजायची.’ सोलापूरकडचं पाणी जड, त्यामुळे बॉयलरमध्ये क्षार कसा धरायचा आणि वॉशआऊटच्या दिवशी खालचे प्लग काढून सळ्यांनी खरवडून, होजपाइपने तो कसा बाहेर काढायचा, हे ते सांगत राहिले. तिथला एक वयस्क स्वयंसेवक जवळ येऊन ऐकत उभा राहिला. त्याला मराठी येत नव्हतं, मामांचं इंग्रजी बेताचं. पण बॉयलर, ट्यूब, इंजेक्टर, वॉशआऊट एवढ्यावर दोघांचं अर्धा तास चाललं. मी मध्ये फक्त एकदा ‘बार्शी लाइट’ म्हटलं, तर तो म्हणाला, ‘कॅल्थ्रॉपची?’

हो, कॅल्थ्रॉपचीच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनियरने 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आताचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची रेल्वे सुरू केली. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळावरही मोठा माल नेता येतो, हे त्याचं सूत्र. पुढे ती पंढरपूरला, लातूरला आणि अखेर मिरजेला पोचली. वारीच्या दिवसांत तिच्या टपावर माणूस माणसाला चिकटून बसायचा. 1954 मध्ये ती सरकारने घेतली. तिची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीने बनवली आणि गाड्यांच्या चाचण्याही लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून झाल्या. त्याच कारखान्यातून 1855 मध्ये ‘फेअरी क्वीन’ हिंदुस्थानात गेली होती. मी रोज बसने जाते त्या हन्सलेट भागात किटसनचा कारखाना होता. तो 1938 मध्ये बंद पडला. मामांना तिथे घेऊन गेले तर दाखवण्यासारखं काही नव्हतं.

म्हणजे इंग्लंडनेही हे जपलेलं नाही. आणि मला लिहायचंय ते एवढ्याचसाठी. ‘त्यांच्या रक्तातच वारशाची कदर आहे’ ही आपली लाडकी समजूत यॉर्कचाच इतिहास वाचला तरी टिकत नाही. युद्धानंतर ब्रिटिश रेल्वेने वाफ सोडायचं ठरवलं आणि हजारो इंजिनं कापायला पाठवली. ऑगस्ट 1968 मध्ये मुख्य मार्गांवरची वाफ संपली. लंडनच्या युस्टन स्थानकाची दगडी कमान लोक ओरडत असताना साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाडून टाकली. आजच्या एवढ्या वाफेच्या इंजिनांचं श्रेय कुणाला द्यायचं? वेल्समधल्या बॅरी गावच्या एका भंगारवाल्याला. डाय वुडहॅमने ब्रिटिश रेल्वेकडून इंजिनं विकत घेतली, पण मालडबे फोडणं जास्त सोपं होतं म्हणून इंजिनं बाजूला समुद्राच्या वाऱ्यात गंजत ठेवली. वर्षानुवर्षं. तेवढ्या काळात रेल्वेवेडे लोक वर्गणी काढून येऊ लागले आणि एकेक करत 213 इंजिनं त्या आवारातून सोडवून नेली. त्यातली कित्येक आज धावतात. यात राष्ट्रीय संस्कार वगैरे कुठे आहे? एका माणसाचा व्यवहार आणि बाकीच्यांचं वेड, इतकंच.

खुद्द फ्लाइंग स्कॉट्समनचं काय झालं? 1923 चं हे इंजिन 1963 मध्ये ॲलन पेग्लर नावाच्या धनिकाने घेतलं म्हणून वाचलं. तो ते अमेरिकेत मिरवायला घेऊन गेला आणि दिवाळखोर झाला. इंजिन तिकडेच अडकलं, दुसऱ्या एकाने परत आणलं. शेवटी 2004 मध्ये वर्गणी आणि सार्वजनिक निधी मिळून 23 लाख पौंडांना यॉर्कच्या संग्रहालयाने ते विकत घेतलं. त्यानंतर दुरुस्तीला 42 लाख पौंड लागले आणि ते धावलं 2016 मध्ये. सरकारने आधी विकलेली वस्तू लोकांच्या पैशाने परत घ्यायची, हा उद्योग आदर्श म्हणून सांगण्यासारखा खचितच नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. इथे सामान्य माणसाला आत शिरता येतं. लीड्समध्येच मिडलटन रेल्वे आहे, 1758 च्या कायद्याने झालेली. 1960 पासून तिथे स्वयंसेवक गाड्या चालवतात. वेल्समधली वेल्शपूल-लानफेअर ही आपल्या बार्शीसारखीच अडीच फुटी गाडी. 1956 मध्ये बंद पडली, 1963 मध्ये हौशी लोकांनी पुन्हा सुरू केली, आणि तिची 1902 ची मूळ इंजिनं अजून तिथेच आहेत. निवृत्त शिक्षक फायरमन होतो, बँकेतली बाई सिग्नल सांभाळते. प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, तपासणीचे नियम कडक. पण दार उघडं. आपल्याकडे रेल्वे म्हणजे फक्त रेल्वे खातं. ते जपेल तर जपेल, नाहीतर लिलाव. कुर्डुवाडीतलं सामान कुठे गेलं असं मी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, ‘किलोवर.’

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही तोच तिसरा माणूस होईन. यॉर्कमध्ये जपानच्या पहिल्या पिढीतल्या शिंकानसेनचा एक डबा आहे, आत जाऊन बसता येतं. आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन हवी की नको यावर अजून हातघाई चालू असताना मी त्याच जातीच्या गाडीत संग्रहालयाची वस्तू म्हणून बसले होते. डब्यातून बाहेर आल्यावर मामांनी विचारलं की मग इंग्रजांची कुठे आहे? काय सांगणार! लंडनहून उत्तरेला येणाऱ्या एचएस-टू या अतिवेगवान रेल्वेचा लीड्सचा फाटा 2021 मध्ये कापला, मँचेस्टरचा 2023 मध्ये. आणि मँचेस्टरचा कापल्याची घोषणा पंतप्रधानांनी ज्या सभागृहात केली ते सभागृहही एक जुनं रेल्वे स्थानकच. लीड्सची ट्राम 1959 मध्ये गेली. मेट्रो नाही. पुण्या-नागपुरात ती धावताना पाहून आलेल्या मामांना हे पटेना. ज्या देशाचं रेल्वे संग्रहालय इतकं देखणं आहे त्या देशाला नवी रेल्वे बांधणं जड जातंय, ही गोष्ट उपदेश करणारे सोयीने गाळतात. उलट आपली माथेरानची गाडी 1907 पासूनची, दार्जिलिंगची त्याहून जुनी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची वास्तू तर जागतिक वारसा. आणि त्यातल्या कशालाच काचेमागे ठेवलेलं नाही. हरियाणातल्या रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं चालू हालतीत ठेवणारे हात अजूनही आहेत. आणि एक गंमत, यॉर्कमधली स्टीफन्सनच्या ‘रॉकेट’ या सुरुवातीच्या वाफेच्या इंजिनाची 1979 ची प्रतिकृती ज्या मायकेल सॅटोच्या देखरेखीखाली झाली, त्याच माणसाने त्याआधी दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उभं करायला सल्लागार म्हणून मदत केली होती.

बार्शी लाइटचं ब्रॉडगेज झालं ते योग्यच झालं. लातूरच्या माणसाला मुंबईला थेट गाडी हवी होती, कुणाच्या फोटोसाठी त्याने कुर्डुवाडीला डबे बदलत बसायचं कारण नव्हतं. छोट्या गाडीच्या आठवणींनी गहिवरणारे बरेचजण, मी धरून, तिच्यातून फक्त सुट्टीत गेलेले आहेत. पण शंभर वर्षं चाललेल्या मार्गातला पाच-सात किलोमीटरचा तुकडा आणि वर्कशॉपातली एखादी शेड बाजूला काढली असती तर ब्रॉडगेजचं काही अडलं नसतं.

हाच प्रश्न आता विदर्भात शकुंतलेचा आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज गाडी. तिचं मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन सत्तर वर्षं राबून एप्रिल 1994 मध्ये थांबलं. तिथल्या लोकांची ब्रॉडगेजची मागणी आहे आणि ती पुरी व्हावी. त्याच खर्चात थोडा रूळ, एक स्थानक, एखादं इंजिन राखायला सांगणं आजही शक्य आहे. त्याहून स्वस्त एक काम आहे, आणि त्याला रेल्वे खात्याची परवानगीही लागत नाही. यॉर्कच्या संग्रहालयाकडे रेल्वे कामगारांच्या मुलाखतींचा ध्वनिमुद्रित संग्रह आहे: ड्रायव्हर, फायरमन, हमाल, कारकून. शकुंतलेवर 1994 मध्ये कोळसा टाकणारा सगळ्यांत तरुण फायरमन आज पन्नाशी ओलांडून गेला असेल, फिटर बहुतेक सत्तरीपुढचे. मूर्तिजापूरच्या एखाद्या कॉलेजातली चार पोरं फोन घेऊन त्यांच्याकडे गेली, आणि शिशाचा प्लग कधी गेला होता, चौकशी कुणी केली, पगार किती होता असं विचारत बसली, तर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत होण्यासारखं आहे. मामांचं मी केलंय. तीन ठिकाणी ते स्वतःच्याच वरिष्ठांना शिव्या देतात, ते मात्र कापणार नाही.