ज्यांना अनुदान हवंय त्यांनी आधी नाटक थांबवावं

तुमच्या गावात पार आहे, पारावर पोरं जमतात, मंडळाकडं एक पेटी आणि एक ढोलकी आहे, वर्षाकाठी एखादं नाटक बसतं. एवढ्या भांडवलावर एखाद्या कंपनीच्या फाउंडेशनचं अनुदान मागावं असं तुमच्या मनात आलं असेल, तर आधी तालमी बंद करा. नाटक आणि अनुदान दोन्ही एकदम होत नाही. सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या आमच्या गावात आम्ही दोन्ही करायला गेलो. एक जमलं. कोणतं, ते पुढं कळेलच.

पैसा आहे, याबद्दल शंका बाळगू नका. कंपनी कायदा 2013, कलम 135. निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नक्त मूल्य 500 कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी कंपनीनं आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. यालाच सीएसआर म्हणतात. कशाकशावर, त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. भूक, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांच्या मागं रांगेत पारंपरिक कला आणि सार्वजनिक वाचनालयं पण उभी आहेत. रांग हलते. फक्त आपल्यापर्यंत येईस्तोवर खिडकी बंद व्हायची वेळ झालेली असते.

पण खिडकीशी जायलाही कागद लागतात. 1860 च्या कायद्याखाली संस्था, 1950 च्या कायद्याखाली न्यास, मग संस्थेच्या आयकरमाफीचं 12-ए, मग देणगीदाराच्या करसवलतीचं 80-जी, आणि 2021 पासून सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेनं भरायचा सीएसआर-1 चा फॉर्म. संस्थेला कमीत कमी सात माणसं पाहिजेत. आमच्या नाटकात चौदा होती, सह्यांना सात मिळेनात. कुणाचं पॅन कार्ड सापडेना, कुणाच्या आधारवर नाव वेगळं, कुणाच्या बायकोनं सांगितलं की सही केलीत तर घरात येऊ नका. शेवटी अध्यक्ष अशा माणसाला केलं ज्यानं आयुष्यात एक प्रवेश पाहिलेला नव्हता. पण त्याचे सगळे कागद एकमेकांशी जुळत होते. तुम्हीही तेच करा. नट निवडताना आवाज बघा, पदाधिकारी निवडताना फक्त स्पेलिंग बघा.

आता अर्ज. इथं तुमचं मराठी घरी ठेवा. 'पोरं संध्याकाळी मोबाइल सोडून पारावर येतात' असं लिहिलंत की अर्ज गेला. 'युवा लाभार्थ्यांच्या स्क्रीन-टाइममध्ये मोजता येण्याजोगी घट' लिहा. पेटीचा भाता फाटलाय, तो शिवायला पैसे हवेत, हे तर चुकूनही लिहू नका. दुरुस्ती बसत नाही. 'वाद्य-देखभाल क्षमतावर्धन कार्यशाळा' बसते. आमच्याकडं ती झाली. पुण्याहून तज्ज्ञ आले, दोन दिवस भात्याचं महत्त्व सांगितलं, मानधन घेऊन गेले. भाता आजही फुसफुसतो. पण आता का फुसफुसतो ते आम्हाला कळतं.

जवळच्या मिरजेचं उदाहरण घ्या. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही वाद्यं ज्या भोपळ्यापासून होतात तो वाळायला काही महिने लागतात आणि त्याला कुणाच्याही तिमाहीशी घेणंदेणं नसतं. अर्जात मात्र 'पहिल्या तिमाहीतील निष्पत्ती' हा रकाना आहे. तिथं काय लिहाल? भोपळा वाळत आहे. दुसऱ्या तिमाहीत? अजून वाळत आहे. त्याच मिरजेत किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गवई दरवर्षी हजेरी लावतात. ऐकणारा कुणीही असो, येऊन बसतो. त्याच्या नावाची, वयाची, अंगठ्याची नोंद नाही. म्हणजे लाभार्थी शून्य. अशा कार्यक्रमांपासून दूर राहा.

सार्वजनिक जागा हा मात्र सध्या चलतीचा विषय आहे. तुमच्याकडं पार असेल तर तुमचं निम्मं काम झालं, फक्त त्याला पार म्हणू नका. फाउंडेशनकडून पाहणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "ही जागा आपण अॅक्टिव्हेट करू." पारावर तंबाखू मळत बसलेले एक आजोबा म्हणाले, "आत्तापतुर काय मेल्याली हुती काय?" हे वाक्य अहवालात 'ज्येष्ठ नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' म्हणून गेलं. पुढं सहा लोखंडी बाक आले. पाठीवर देणगीदाराचं नाव असं मोठं, की टेकलं तर उमटावं. फोटोत पिंपळाची फांदी आड येऊ नये म्हणून बाक उन्हात मांडले. म्हातारी माणसं सावली सोडून तिकडं गेली नाहीत. पण तापलेल्या लोखंडावर कुरडया झकास वाळतात हे आयाबायांनी पहिल्याच उन्हाळ्यात हेरलं, आणि 'महिलांचा सहभाग' हा रिकामा रकाना आपोआप भरला.

उपक्रम पुढं स्वतःच्या पायावर कसा उभा राहील, हा प्रश्न शेवटी हमखास असतो. त्याचं उत्तर सांगलीत 1843 सालचं आहे. सांगलीचे राजे थोरल्या चिंतामणरावांनी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले, विष्णुदास भाव्यांना तसं काही कर म्हणाले, आणि 5 नोव्हेंबरला 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं राहिलं. फॉर्म नाही, बेसलाइन सर्व्हे नाही. राजाला वाटलं, एवढ्यावर मंजुरी. 1851 मध्ये राजे गेले आणि आश्रय आटला. भाव्यांनी मंडळी घेतली, गावोगाव फिरले, 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आजच्या भाषेत ही एक नंबर सस्टेनेबिलिटी. मी अर्जात उदाहरण म्हणून हेच दिलं. शेरा आला: 'सदर संस्थेचा मागील तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट जोडलेला नाही.'

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, फोटो.

आमच्या पोरांनी स्वयंवराचाच प्रसंग बसवला होता. तालीम रात्री साडेआठनंतर, कारण त्याआधी धारा काढून डेअरीला दूध घालायचं असतं. चाळीस तालमी झाल्या. प्रत्येक तालमीचा फोटो हवा; त्यात तारीख हवी, अक्षांश-रेखांश हवेत, मागं बॅनर हवा आणि बॅनरवरचं नाव वाचता यायला हवं. पाराच्या एका दिव्यात बॅनर दिसायचा तर पोरं दिसत नव्हती. तरी आम्ही प्रामाणिकपणे चाळीस फोटो काढले. पाठवले. आठवड्यात फोन.

"सर, फोटो सगळे एकाच दिवशीचे वाटतात."

"नाही हो, चाळीस वेगवेगळ्या रात्रींचे आहेत. तारखा बघा."

"तारीख बदलता येते. तो कोपऱ्यातला मुलगा बघा ना. चाळीसही फोटोत तोच निळा शर्ट."

तो आमचा रावण. एकही तालीम न चुकवलेला एकमेव नट. शर्ट एकच, शाळेचा. रात्री घरी गेला की आई धुते, सकाळी वल्लाच घालून शाळेत जातो. ज्यांना चार-चार शर्ट होते ती पोरं निम्म्या तालमींना नव्हतीच, तरी त्यांच्याबद्दल कुणाला संशय आला नाही.

तेव्हा माझा सल्ला घ्या. चाळीस फोटो चाळीस दिवसांत काढायचा मूर्खपणा करू नका. एक रविवार धरा, सकाळी अकराचं लख्ख ऊन बघा, घरोघरचे शर्ट गोळा करून पोतं भरून आणा. दर पाच मिनिटांनी पोरांनी शर्ट बदलायचे, बॅनर थोडा डावीकडं-उजवीकडं सरकवायचा. तारखा घालून द्यायला झेरॉक्सवाला आहे. आम्ही अनुदानाच्या दुसऱ्या हप्त्याला असंच केलं. अभिप्राय आला: 'नोंदी अत्यंत विश्वासार्ह.' त्या सबंध तिमाहीत तालीम एकही झाली नव्हती.

रावणाला दोन शर्ट घ्यावेत म्हणून मी विचारून बघितलं. उत्तर आलं, वैयक्तिक कपडे खर्चाच्या कोणत्याच हेडखाली बसत नाहीत. वेशभूषा बसते. म्हणून अंगरखा शिवला, लाल, जरीच्या काठाचा, जीएसटीच्या पावतीसकट. तालीम नसली तरी पोरगं तो घालतं. रोज संध्याकाळी साडेसातला किटली घेऊन लंकाधिपती डेअरीच्या रांगेत उभा असतो, आणि फॅट कमी लागली की डेअरीवाला म्हणतो, "काय रं, लंकेत पेंड मिळंना व्हय?"