उणे एक आणि आबा

"चार दिवसांत एकच ओळ बदललीय की तुम्ही!" साहेब काल फोनवर म्हणाले. बदलली एकच. पण कुठली, ते शोधायला बसायचं कुणी?

आमचं टूल सी या प्रोग्रामिंग भाषेतला कोड न चालवता, नुसता वाचून चुका दाखवतं. परवा तेच चुकलं. उणे एक आणि अनसाइन्ड (म्हणजे उण्याची सोयच नसलेल्या प्रकारातला) एक यांच्यात ते उणे एकला लहान म्हणालं. शाळेत पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. पण इंटची, म्हणजे उणे-अधिक दोन्ही चालणाऱ्या साध्या पूर्णांकाची, गाठ अनसाइन्ड इंटशी पडली की सी आधी इंटलाच अनसाइन्ड करते. मग ३२ बिटांत उणे एकचे होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५.

आमचे घरमालक आबा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. शाहू स्टेडियमवरची फुटबॉल मॅच न चुकवणारे. माझ्या पाठीमागं तंबाखू मळत बसायचे.

"आरं, चार दिस त्याच पानावर हैस. काय हरवलंय?"

"आबा, उणे एक मोठा की एक?"

"गोलफरकात म्हणतोस? एक. मायनसवाला घरी."

"इथं मायनसवाला चॅम्पियन. सव्वाचारशे कोटींच्या वर गोल."

तंबाखू हातातच राहिली. "पंच कुठल्या पेठंचा?"

"पंचाच्या वहीत मायनसची खूणच नाही, आबा. नियमच तसा आहे, १९८९ च्या स्टँडर्डपासून."

"तवाच खाल्लं असणार!"

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, जमलं. अनसाइन्ड दिसला की सगळ्यांना अनसाइन्ड करून टाकलं. लगेच टेस्ट लाल, म्हणजे नापास. कारण अनसाइन्ड 'चार' (char, आकडा नव्हे, एक टाइप) पडला इंटपेक्षा बारका. तो आधी इंट होतो, आणि तिथं उणे एक खरोखरच लहान. हेही आबांना सांगितलं. सांगायला नको होतं.

"म्हंजे बारक्या पोरांच्या मॅचला नियम येगळा?"

"हो."

"आन् ह्ये तुमच्या सायबाला म्हाईत हाय?"

नाही. साहेबांना ओळी मोजता येतात. दोन्ही बाजूंना आधी बढती (बारक्याचा इंट), मग एकाच टाइपात आणणं, आणि तुलना त्यानंतर. हा क्रम एका फंक्शनला विचारायचा राहिला होता, तेवढीच ती ओळ. टाइमशीटवर 'शोधणे' असा रकानाच नाही, म्हणून तीन दिवस 'इतर' मध्ये गेले. इतर! चहा-बिडीसुद्धा त्यातच.

आबांनी मात्र पेठभर केलं. आज सकाळी दूधवाल्यानं माप ओतता ओतता हळूच विचारलं, "भावा, त्या पंचाचं पुढं काय झालं?"