त्या ब्रसेल्सच्या नागड्या पोरापायी

सकाळी सकाळी मावसबहिणीने व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. "मे महिन्यात आईबाबांना युरोपला पाठवतोय. तू जाऊन आलीयेस ना, जरा नजर टाक." टाकली नजर. लंडनपासून रोमपर्यंत सगळं आहे. मावशी सत्तरीची, काकांचे गुडघे बोलतात, आणि रोज पहाटे बॅगा दाराबाहेर. तरी मी शांत होते. मग ब्रसेल्सची ओळ आली: 'मॅनेकेन पिसचा जगप्रसिद्ध पुतळा पाहणार', पुढे हिरवी टिकमार्क. तिथे माझं डोकं फिरलं. तिला उत्तर दिलेलं नाही अजून, आधी इथे मोकळी होते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यावर, लोखंडी कठड्यामागे, भिंतीला लागून एक ब्राँझचा पोरगा शू करत उभा आहे. उंची जेमतेम 55 सेंटिमीटर. संपलं. त्याच्यासमोर जगभरातले शंभरेक लोक हात उंच करून मोबाईल धरतात, आणि आपल्याला दिसतात ते त्यांचे मोबाईल.

आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो तेव्हाची गोष्ट. बस लांब कुठेतरी थांबली, टूर मॅनेजरने छत्री वर धरली आणि "चला चला, पटापट" सुरू झालं. आई नव्या स्पोर्ट्स शूजमध्ये दुडूदुडू, बाबा मागे. एका बोळातून बाहेर पडलो आणि समोर ग्रां प्लास, शहराचा मुख्य चौक. खोटं नाही सांगत, माझा श्वास अडकला. चारही बाजूंनी सोनेरी नक्षीची घरं, सुतारांची, नावाड्यांची, बेकरीवाल्यांची, प्रत्येक धंद्याच्या संघाने आपापली ऐपत दाखवायला बांधलेली. 1695 मध्ये फ्रेंच तोफांनी हा भाग भाजून काढला होता. या पठ्ठ्यांनी चारपाच वर्षांत तो पुन्हा उभा केला, आणि तोही दगडात.

बाबा थांबले. आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलेला माणूस, कुठलीही इमारत दिसली की आधी तिला तडे आहेत का बघणार. टाऊन हॉलच्या मनोऱ्याकडे बघत म्हणाले, "हा मधोमध का नाही गं?"

खरंच नाहीये. एका बाजूला कमानी जास्त दिसतात तर दुसरीकडे कमी. मी काही बोलणार तेवढ्यात छत्री पुढच्या बोळात शिरली. "काका, पुढे मेन अट्रॅक्शन आहे!" मेन अट्रॅक्शन म्हणजे तो पोरगा. बाबांना जवळजवळ ओढत नेलं आम्ही.

आता यातली खरी गंमत ऐका. रस्त्यावर जो उभा आहे तो मूळ पुतळा नाहीच. जेरोम ड्यूकेनॉयने 1619 मध्ये केलेला मूळ पुतळा शहराच्या संग्रहालयात ठेवलाय. आणि ते संग्रहालय कुठे? ग्रां प्लासमध्ये. त्या टाऊन हॉलच्या बरोबर समोर! म्हणजे जिथे बाबा मान वर करून उभे होते तिथून चौक ओलांडला असता तर अस्सल पुतळा होता. तो सोडून, तो अख्खा चौक सोडून, आम्ही नक्कल बघायला धावलो. पैसे भरून. पंचाहत्तरीच्या माणसाला पळवत.

आणि हे फक्त ब्रसेल्सचं नाही. पॅरिसला तेच होतं. लूव्र संग्रहालयात मोनालिसाची खोली बघा. 77 बाय 53 सेंटिमीटरचं चित्र, जाड काचेमागे, समोर गर्दी, आणि गार्ड पुढे सरका म्हणत असतो. त्याच खोलीत, तिच्या अगदी समोरच्या भिंतीवर, लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र आहे: व्हेरोनेझ या चित्रकाराचं, बायबलमधल्या काना गावातल्या लग्नाचं. जवळजवळ 7 मीटर उंच, 10 मीटर रुंद. पंगत बसलीये, वाजंत्री आहेत, कुत्री आहेत, वाढपी घागरी ओततायत, मधोमध येशू. व्हेनिसच्या मठातल्या भोजनगृहातून नेपोलियनच्या लोकांनी 1797 मध्ये ते कापून पॅरिसला नेलं. आपल्याला तर हे चित्र कुणी समजावून सांगायलाही नको, लग्नाची पंगत आपण ओळखतो. पण त्याच्याकडे अख्ख्या खोलीची पाठ! सेल्फीत मागे मोनालिसा हवी ना.

बरं, मोनालिसा वाईट आहे का? नाही. पण तिची एवढी कीर्ती काही निव्वळ त्या हसण्याने झालेली नाही. 1911 मध्ये पेरूजा नावाच्या इटालियन कामगाराने ती चोरली, तेव्हा तिची रिकामी जागा बघायला लोकांनी रांगा लावल्या होत्या. रिकामी भिंत! दोन वर्षांनी फ्लॉरेन्सला सापडली. तेव्हापासून लोक ती आहे ना, एवढंच बघून येतात बहुतेक. आणि त्यासाठी आता युरोपबाहेरच्यांना 32 युरो तिकीट. त्याआधी व्हिसाचे 90 युरो, बोटांचे ठसे, बँकेची स्टेटमेंटं, नाकारला तर पैसे गेले. एवढं करून जायचं आणि पाठ कशाकडे करायची ते टूरवाल्याने ठरवायचं.

व्हेरोनातली ज्युलिएटची बाल्कनी तर मला सांगूच नका. ती मुलगी शेक्सपिअरच्या नाटकातली. बाल्कनी विसाव्या शतकात पर्यटकांसाठी लावलेली. खाली तिचा पुतळा आहे, त्याच्या छातीला हात लावला की प्रेमात नशीब फळफळतं म्हणे. लोकांनी इतका हात लावला की मूळ पुतळा आत हलवून तिथेही नक्कल उभी करावी लागली. भले भले काका रांग लावतात, काकू फोटो काढतात. चालत दहा मिनिटांवर रोमन काळातलं अख्खं उघडं नाट्यगृह आहे, जवळपास दोन हजार वर्षांचं, उन्हाळ्यात अजून तिथे ऑपेरा होतात. पण त्यात हात लावायला काही नाही.

माझा राग टूर कंपन्यांवर आहे असं वाटेल तुम्हाला. थोडा आहे. जास्त आपल्यावर आहे. परत आल्यावर आपल्याला विचारणारे कोण असतात? "काय, ब्रसेल्सला जाऊन तो पुतळा नाही बघितला?" हे विचारणारी आत्या, शेजारच्या वहिनी, ऑफिसातले देशपांडे. मनोरा मधोमध का नाही, हे आजवर मला एकानेही विचारलेलं नाही. त्या सगळ्यांच्या प्रश्नाला उत्तर हवं म्हणून आपण आयुष्यभराची पुंजी घालून तिकडे हजेरी लावून येतो. टूरवाला बिचारा आपल्याला हवं तेच विकतो.

हो, माहितीये मला, ग्रुप टूर नसती तर आईबाबा गेलेच नसते. नाश्त्याला पोहे मिळतात, बॅगा उचलायला माणूस असतो, रात्री बाबांचं बीपी वाढलं तर धावणारं कुणीतरी असतं. मान्य. पुढे.

आणि आईचं सांगायला हवं, नाहीतर ती ही पोस्ट वाचून फोन करेल. त्या पोरापुढे पोचल्यावर आईने दोन मिनिटं नुसतं शोधलं. मग दिसला. "अगंबाई, एवढासा? ह्याच्यासाठी पळवलंत होय मला?" आणि मग, "थंडीत उघडा उभा केलाय मेल्याला, एखादं झबलं तरी घाला!" एवढं बोलून ती जी हसत सुटली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारच्या दोन जपानी बायका का कोण जाणे, तिच्याबरोबर हसायला लागल्या. तिला मी म्हटलं, अगं त्याला हजाराच्या वर पोशाख आहेत, ठरावीक दिवशी घालतात, जवळच त्यांचं वेगळं संग्रहालय आहे. "मग आज काय झालं, धुवायला टाकलेत?" म्हणाली. आख्ख्या प्रवासात ती एवढी हसलेली मला आठवत नाही. तर ठीक आहे. आईपुरता त्या पोराला माफ केलं.

पण बाबांचं काय? त्यांना परतताना पुन्हा चौकातून नेतील असं वाटलं होतं. बस दुसऱ्याच रस्त्यावर येऊन उभी होती. बसमध्ये ते खिडकीतून मागे बघत बसले. काही बोलले नाहीत. बाबा तक्रार करत नाहीत, हाच त्रास आहे त्यांचा.

घरी आल्यावर त्यांनीच शोधून काढलं. टाऊन हॉलचा डावा भाग आधी बांधला, 1402 पासून. उजवा चाळीसेक वर्षांनी, आणि तो आखूड ठेवावा लागला. 96 मीटरचा मनोरा 1455 मध्ये पुरा झाला. चूक लक्षात आल्यावर वास्तुविशारदाने वरून उडी मारली, ही दंतकथा. "टप्प्याटप्प्याने मंजुरी मिळाली की असंच होतं," बाबा फोनवर म्हणाले, इतक्या आनंदाने, जणू बेल्जियमच्या फायलीवर त्यांचीच सही होती. आणि गंमत म्हणजे 1695 मध्ये फ्रेंच तोफांचा नेम याच मनोऱ्यावर होता. आजूबाजूचं सगळं जळलं, मनोरा उभाच राहिला. हे सगळं तिथे उभं राहून त्यांना कळलं असतं तर? पंधरा मिनिटं लागली असती. कॉफी घेऊन एका पायरीवर बसले असते. बसायला पैसे पडत नाहीत तिथे.

मावसबहिणीला मी टूर रद्द कर म्हणणार नाही. एवढंच सांगणार आहे की काकांना ग्रां प्लासमध्ये बसवून ठेव, मावशीला त्या पोरापर्यंत जायचं तर जाऊ दे. आणि लूव्रमध्ये मोनालिसाकडे पोचलात की एकदा मागे वळा.

राहता राहिला त्या पीडीएफमधला ऱ्हाइन फॉल्स. 'युरोपातला सर्वात मोठा धबधबा' असं ठळक अक्षरात लिहिलंय. उंची 23 मीटर. रुंदी दीडशे मीटर आहे, उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी दणकून येतं, बोटीने मधल्या खडकापर्यंत जाता येतं, छान आहे, नाही म्हणत नाही. पण साताऱ्याच्या माणसांना तो दाखवायला स्वित्झर्लंडपर्यंत नेता? ज्यांना वाद घालायचाय त्यांनी जुलैत आधी आपल्या ठोसेघरच्या धबधब्यावर जाऊन यावं, रेनकोट घेऊन, आणि मग खुशाल कॉमेंटमध्ये यावं. मी इथेच आहे.