बेटावर चिडकी म्हातारी का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आयुष्याची नक्कल करणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये माणसांचे स्वभाव कसे वाटून दिलेले असतात, या विषयावरील माझ्या लेखाला आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिला चार ओळींत उत्तर देणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल, म्हणून स्वतंत्रपणे लिहीत आहे. आपण मूळचे कोल्हापूरच्या शाहूपुरीचे आणि सध्या पुण्यात, असे आपणच कळवले आहे. त्यामुळे पुढे जिथे कोल्हापूर येईल तिथे मला फार फोड करून सांगावे लागणार नाही.

मूळ लेख ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगते की, तो मुख्यतः निन्टेंडो या जपानी कंपनीच्या 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' या मालिकेविषयी होता. तिच्यात खेळाडू एका वस्तीत, नव्या खेळात एका बेटावर, राहतो. तिथले शेजारी म्हणजे प्राणी, आणि त्यांचे स्वभाव आठ. आळशी, व्यायामवेडा, चिडका आणि छानछोकीचा हे चार पुरुष प्राण्यांसाठी. साधी, उत्साही, तोरा मिरवणारी आणि थोरल्या ताईसारखी हे चार स्त्री प्राण्यांसाठी. एका बाजूचा स्वभाव दुसऱ्या बाजूला कधीही मिळत नाही, यावर माझा आक्षेप होता. आपले म्हणणे असे की, बोलक्या खारी आणि लांडग्यांच्या खेळात असले काही शोधणे म्हणजे दुधात मीठ टाकणे आहे. स्त्री-पुरुषांचे स्वभाव मुळातच वेगळे असतात आणि खेळ तेवढेच दाखवतो. संवाद लिहिण्याच्या सोयीसाठी ही विभागणी अटळ आहे. 'द सिम्स' या माणसांचे रोजचे आयुष्य चालवण्याच्या खेळाकडे आणि शेतीच्या खेळांकडे मी सोयिस्कर दुर्लक्ष केले. आणि एकूण लेखाचा सूर पुरुषांविरुद्ध आहे.

प्रथम माझी चूक. तोरा मिरवणाऱ्या स्वभावाला इंग्रजी आवृत्तीचे खेळाडू 'स्नूटी' म्हणतात, त्यावरून मी लिहिले होते की, निर्मात्यांनी प्रौढ स्त्रीला गर्विष्ठ ठरवले आहे. आपण दाखवून दिलेत की, जपानीत या स्वभावाचे नाव 'ओतोना', म्हणजे 'प्रौढ' असे आहे. हे बरोबर आहे. मात्र ही दुरुस्ती मान्य केल्यावर प्रश्न मिटतो असे मला वाटत नाही, उलट तो अधिक मजेदार होतो. जपानीतील 'प्रौढ' बाई समुद्र ओलांडताच नाक वर करून चालणारी झाली, यात अनुवाद करणाऱ्यांच्या मनातील बाईही थोडी दिसतेच.

सूर पुरुषांविरुद्ध असल्याच्या आरोपाचे मला आश्चर्य वाटले, कारण या विभागणीत अधिक नुकसान कोणाचे झाले असेल तर ते पुरुषांचे, असे माझे मत आहे. स्त्रियांच्या चार स्वभावांत एक 'साधी' आहे; जपानीत तिचे नाव 'फुत्सू', अर्थात सर्वसामान्य. ती नीटनेटकी, मृदू, घरात रमणारी, पाहुण्याची विचारपूस करणारी. पुरुषांच्या रकान्यात असे सर्वसामान्य कोणीच नाही. तिथे एक सतत खाण्याच्या गोष्टी बोलतो आणि आपल्या जमिनीखाली किडे राहतात असे निरागसपणे सांगतो, दुसरा दंड मोजतो, तिसरा हल्लीच्या पोरांवर कुरकुरतो, चौथा स्वतःच्या रुबाबावर खूश असतो. माझे वडील राजारामपुरीतील आमच्या घरात सकाळी स्वतःचे धोतर स्वतः पिळून, चुणी काढून वाळत घालतात, कोणाशी चढ्या आवाजात बोलत नाहीत, आणि शेजारणीचे पातेले परत देताना ते कधी रिकामे देत नाहीत, निदान दोन पेरू तरी त्यात ठेवतात. या गृहस्थांना त्या बेटावर जागा द्यायची झाली तर त्यांना आधी बाई व्हावे लागेल. सभ्य आणि साधा असणे हा स्वभाव पुरुषाला उपलब्धच नसणे, याला पुरुषांची बाजू घेणे म्हणता येईल का, हे आपणच ठरवा.

आता उलट बाजू. महाद्वार रस्त्याजवळच्या कपिलतीर्थ मार्केटमध्ये एक आजी पालेभाजी घेऊन बसतात. पोत्यावर पाण्याचा हबका मारायचा, मेथीच्या पेंड्या मुळे आतल्या बाजूला करून रचायच्या, आणि कोणी एखादी पेंडी उलटी करून पाहिली की म्हणायचे, "घ्यायची तर घे की, चिवडत काय बसलीयास? मी पहाटे चारला उठून आलोय आणि तू भाव करतीस व्हय?" त्यांना हसताना मी एकदाच पाहिले आहे, आणि तेही शेजारच्या मिरचीवाल्याचे पोते फाटले तेव्हा. लोक तरीही त्यांच्याकडेच जातात, कारण मेथी कोवळी असते आणि वजनात गडबड नसते. चिडका, जुन्या वळणाचा आणि आतून प्रामाणिक असा जो स्वभाव त्या खेळाने लांडग्यांना आणि गरुडांना दिला आहे, तो या आजींना तंतोतंत बसतो. पण खेळात चिडकी म्हातारी अशक्य आहे. माझा आक्षेप इतकाच आहे. चिडके आजोबा असू नयेत असे मी कुठेही म्हटलेले नाही. ते मला आवडतात.

स्वभाव मुळातच वेगळे असतात, या मुद्द्यावर आपण मानसशास्त्राचा आधार दिला आहे, म्हणून त्याच शास्त्राविषयी थोडे. सरासरीत फरक सापडतात हे खरे आहे. इतरांशी जुळवून घेणे किंवा काळजी करणे यांसारख्या गुणांत अनेक देशांतील स्त्रियांची सरासरी पुरुषांपेक्षा काहीशी अधिक भरते. परंतु मानसशास्त्रज्ञ जॅनेट शिबली हाइड यांनी 2005 मध्ये 46 महाविश्लेषणांचे, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणांचे, निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा स्त्री-पुरुषांमधील 78 टक्के फरक अल्प किंवा शून्याच्या जवळ निघाले. म्हणजे दोन्ही गट एकमेकांवर बहुतांशी पडलेले असतात आणि कडा तेवढ्या सरकलेल्या असतात. खेळाने मात्र दोन गटांच्या मध्ये भिंत घातली आहे, आणि भिंतीच्या समर्थनासाठी सरकलेली कड पुरत नाही. शिवाय मालिकेतील 'न्यू होरायझन्स' या खेळाच्या बेटावर फार तर 10 शेजारी राहतात. दहा जणांचे बेट लोकसंख्येची सरासरी दाखवत नसते, दहा माणसे दाखवत असते.

'द सिम्स'कडे मी दुर्लक्ष केले, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो उशिरा का होईना दूर करते. 2000 साली आलेल्या पहिल्या खेळात नीटनेटकेपणा, मनमोकळेपणा, चपळपणा, खेळकरपणा आणि चांगुलपणा असे पाच गुण होते. प्रत्येक गुणाला दहापर्यंत अंक आणि वाटायला एकूण 25 अंक. ते कसे वाटायचे हे खेळाडूच्या हाती होते, आणि पात्र बाई आहे की पुरुष याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. गबाळी, आळशी आणि तरीही गोड अशी बाई तिथे पहिल्या दिवसापासून राहू शकत होती. उलट कपड्यांचे आणि शरीराचे कुंपण तिथे बराच काळ टिकले. ते 'द सिम्स 4'मध्ये जून 2016 च्या अद्ययावतीकरणाने काढले गेले. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'चे नेमके उलटे आहे. मार्च 2020 मध्ये आलेल्या 'न्यू होरायझन्स'मध्ये खेळाडूला आपण मुलगा की मुलगी असे विचारतच नाहीत, फक्त रूप निवडायला सांगतात; ते नंतर आरशासमोर बदलता येते, आणि कोणताही कपडा, कोणतेही केस कोणालाही चालतात. खेळाडूला एवढे मोकळे केले, पण शेजाऱ्यांचे स्वभाव मात्र 2001 साली घातलेल्या चौकटीतच राहिले. तेव्हा ते सहा होते, 2012 च्या 'न्यू लीफ'मध्ये आठ झाले, आणि वाढवतानाही एक पुरुषांना, एक बायकांना असे तोलून दिले गेले. या एकाच खेळातील दोन धोरणांमुळेच मी तो निवडला होता.

शेतीच्या खेळांत 'पहिल्यापासून समानता होती' हे आपले विधान मात्र टिकणारे नाही. जपानमध्ये 'बोकुजो मोनोगातारी' आणि बाहेर 'हार्वेस्ट मून' म्हणून ओळखली जाणारी मालिका 1996 मध्ये सुरू झाली तेव्हा शेतकरी मुलगाच होता आणि गावातील पाच मुलींपैकी एकीशी लग्न करणे हा त्याच्या आयुष्याचा भाग होता. पुढे 2000 साली प्लेस्टेशनसाठी मुलींची वेगळी आवृत्ती आली, आणि तिच्यात नायिकेचे लग्न लागले की खेळ संपत असे. मुलाचे लग्न झाले की त्याची शेती पुढे चालू, मुलीचे झाले की श्रेयनामावली. यावर वेगळे भाष्य करण्याची गरज मला वाटत नाही. 2016 च्या 'स्टारड्यू व्हॅली'त गावची सुतार बाई आहे, लग्नाळू बारा जणांपैकी कोणाशीही कोणीही लग्न करू शकते, आणि लग्नानंतर पती असो वा पत्नी, सकाळी उठून पिकांना पाणी घालताना दिसू शकते. त्या खेळाविषयी आपले आणि माझे एकमत आहे.

आपला सर्वांत वजनदार मुद्दा संवादांचा. तो मी मूळ लेखात पुरेसा विचारात घेतला नव्हता. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'मध्ये 400 हून अधिक प्राणी आहेत आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र संवाद लिहिलेले नाहीत. एका स्वभावाचे सगळे प्राणी त्या स्वभावाची एकच सामाईक संहिता बोलतात. जपानीत 'मी' म्हणण्याचे अनेक शब्द आहेत. 'ओरे' म्हटले की रांगडा पुरुष उभा राहतो, 'अताई' म्हटले की थोरली ताई. तेव्हा संहिता लिहिणाऱ्याला पहिल्याच शब्दाशी बोलणारा कोण हे ठरवावे लागते, आणि प्रत्येक स्वभाव दोन प्रकारे लिहायचा तर काम जवळपास दुप्पट होते. विभागणीमागचे हे कारण मला पटते. छंदांचा वेगळा थर आहे, तो लिंगाला बांधलेला नाही, हेही आपण बरोबर सांगितलेत. माझी भाची फुटबॉल खेळते. तिच्या बेटावर एजंट एस नावाची खार आहे आणि तिचा छंद व्यायाम. खार चौकात डंबेल्स उचलते तेव्हा भाचीला आनंद होतो, पण बोलायला गेले की तीच खार प्रसिद्ध गायिका होण्याची स्वप्ने सांगू लागते, कारण संहिता 'उत्साही' स्वभावाची आहे. हात एकीचे आणि तोंड दुसरीचे, असा प्रकार.

परंतु सोय हे कारण झाले, अटळपणा नव्हे. इंग्रजीत बोलणारा स्वतःविषयी बोलताना लिंग क्वचितच उघड करतो. तिथे चिडक्याची संहिता जशीच्या तशी एखाद्या मादी लांडग्याच्या तोंडी घातली तर चार-दोन शब्दांपलीकडे काही बदलावे लागणार नाही. आणि मराठीचे काय? आपण लिहिले आहे की, "मराठीत तर क्रियापदच सांगते की बोलणारी बाई आहे की पुरुष, त्यामुळे मराठी खेळात ही विभागणी आणखी आवश्यक ठरेल." पुण्यातून लिहिताना हे वाक्य सुचणे मी समजू शकते. पण आपण शाहूपुरीचे आहात. आपल्या घरातील बायका "मी जरा महाद्वारात जाऊन येतो" म्हणत नव्हत्या का? माझी आई म्हणते, मावशी म्हणते, वर ज्यांचे बोलणे दिले त्या आजीही "आलोय" म्हणाल्या, आणि ते आपल्याला वाचताना खटकले नसेल असा माझा अंदाज आहे. पहिल्यांदा पुण्याला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात मी "जेवलो" म्हणाले आणि खोलीतील मुली हसल्या; त्यानंतर मी तिथे "जेवले" म्हणायला लागले आणि सुट्टीत घरी आले की पुन्हा "जेवलो". त्यामुळे कोल्हापुरात कोणी मला पुरुष समजले नाही आणि पुण्यात मी अधिक बाई झाले नाही. क्रियापदाचा प्रत्यय हा गावाचा रिवाज आहे. हे उत्तर मी 'लिहिते', 'सांगते' असे लिहीत आहे, आणि इतक्यात खालून जेवायची हाक आली तर "आलो" असेच उत्तर जाईल. कोणी हा खेळ मराठीत आणला, आणि तो कोल्हापूरच्या मराठीत आणला, तर निदान बोलणाऱ्याच्या क्रियापदासाठी तरी संहिता दोनदा लिहावी लागणार नाही.

खेळामुळे मुलांवर काय परिणाम होतो हे मी सिद्ध केले नाही, असेही आपण म्हणता. मी तसा दावा केलेला नव्हता, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

'ओतोना'विषयीची दुरुस्ती मूळ लेखात आज केली आहे आणि ती वाचकाने सुचवल्याचे तिथे नमूद केले आहे. 'द सिम्स'वरचा परिच्छेदही जोडला आहे. चिडक्या म्हातारीविषयीचे वाक्य वगळावे अशी आपली सूचना होती. ते वाक्य मी ठेवले आहे.