कॅबिनेट नाही म्हणजे बेस नाही? असं नसतंय ओ

आपल्या सोलापुरातल्या वादकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की स्टेजवर कॅबिनेट (बेस गिटारच्या अँपचा स्पीकरचा खोका, आम्ही त्याला कॅब म्हणतो) नसेल तर लोकांना बेस लागत नाही, आवाज पातळ येतो, वादकाला स्वतःचं ऐकू येत नाही आणि अँप जळतो. मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतोय, सध्या कॅबशिवायच, म्हणून लिहितोय.

पहिलं, लोकांना बेस लागत नाही म्हणे. अहो, होम मैदानावर कार्यक्रम असला की मागच्या माणसापर्यंत जातो तो पीएच्या (लोकांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकर्सच्या) सबमधला, म्हणजे खालच्या सुरांच्या स्पीकरमधला आवाज, तुमच्या कॅबचा नाही. चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा, त्याची लाट आठ मीटरच्या वर, ती कॅबच्या तोंडासमोर सरळ जात नाही, चारी बाजूंना पसरते, आणि गणपतीतल्या एवढ्याशा स्टेजवर गायिकेच्या माइकमध्ये शिरते. मग साउंडवाल्याने मिक्सरवरचा बेसचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) पूर्ण खाली घेतला तरी गुंऽऽ चालूच, आणि गाण्याचे शब्द कळत नाहीत. मला याचा फार त्रास होतो, कारण लोक गाणं ऐकायला आलेले असतात.

आवाज पातळ, हे अर्धं खरं. नुसती डीआय (बेस गिटार थेट मिक्सरला जोडणारी डबी) लावली तर आवाज कोरडा, खरखरीत येतो, कारण कॅबचा स्पीकर वरची बरीच फ्रिक्वेन्सी आपोआप कापतो आणि डीआय ती सगळी पाठवते. त्याला कॅब सिम्युलेशनवालं (कॅबसारखा आवाज करून देणारं) पेडल लावा, नाहीतर मिक्सरवर वरचं कापून घ्या. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत साठच्या दशकात बेसवादक जेम्स जेमर्सनचा बेस थेट कन्सोलमध्ये जायचा, तो कुणाला पातळ वाटला?

ऐकू येत नाही, हा मुद्दा मात्र मी मानतो. इनइअर (स्वतःचं वाजवलेलं ऐकायला कानात घालतो तो मॉनिटर) कानात सैल बसला की सगळ्यात आधी बेसच जातो, म्हणून टिप्स नीट मापाच्या घ्या. आणि ड्रमरला विसरू नका, आमचा ड्रमर पहिल्याच कार्यक्रमात ओरडला होता, "बेस ऐकूच येईना की बे!" तेव्हापासून त्याच्या मॉनिटरमध्ये बेस आधी लावून घेतो, मग माझा.

अँप जळतो ते ट्यूबवाल्याचं, लोडशिवाय (स्पीकर न जोडता) चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. बहुतेक ट्रान्झिस्टर आणि क्लास डी हेडना (स्पीकर वेगळा जोडावा लागतो अशा अँपना) स्पीकर नसला तरी चालतं (मॅन्युअल बघून घ्या), आणि डीआय पेडलमध्ये पॉवर अँपच नसतो, जळणार काय?

लॉनवरच्या लग्नात साउंडवाल्याकडे दोन टॉप (मधल्या-वरच्या सुरांचे स्पीकर) आणि सब एकही नाही असं आधी कळलं, तर मी कॅब टेम्पोत टाकून नेतो.