महामारीत गर्भपात "थांबू शकतो" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल
तो मेसेज परत फिरतोय, की साथीच्या काळात गर्भपात ही इमर्जन्सी नसते म्हणून कायदेशीर असला तरी तो पुढे ढकलायचा असतो, सगळं नॉर्मल झालं की बघू. अहो, चुकीचं आहे हे. मोतीबिंदूचं ऑपरेशन चार महिने थांबेल, पोटातला गर्भ थांबतो का? कायद्यात आठवड्यांची मर्यादा असते आणि लॉकडाऊन लागला म्हणून ती काही वाढत नाही, त्यात जितका उशीर तितकी प्रोसिजर अवघड. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्येच सुरक्षित गर्भपात अत्यावश्यक सेवांमध्ये धरला होता.

आता मेसेजमध्ये टेक्सासचं उदाहरण दिलंय, ते अर्धंच खरंय. मार्च 2020 मध्ये तिथे बंदी आली होती हे बरोबर, पण कोर्टकचेरी होऊन एप्रिलअखेर सेवा परत सुरू झाल्या, हे सोयीस्करपणे गाळलंय. आणि इंग्लंडने त्याच मार्चमध्ये बरोबर उलटं केलं, फोनवर डॉक्टरांशी बोलून 10 आठवड्यांच्या आत गर्भपाताच्या दोन्ही गोळ्या घरीच घ्यायची तात्पुरती परवानगी दिली, जी 2022 मध्ये कायमची झाली. फक्त हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हं, मेडिकलमधून गुपचूप गोळ्या आणून नाही.